सराव चाचणीचे दोन संच, ५० पैकी ५० गुण आणि बेझियन राश मॉडेल: मुलांची यादी यावरून लावावी का?

माणदेशी_फळा

नमस्कार मंडळी.

मी सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या आणि शेजारच्या केंद्रांतल्या शाळांनी मिळून पाचवीच्या शिष्यवृत्तीची सराव चाचणी घेतली. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, उणे गुण नाहीत. मुलं चारशेच्या आसपास. एका बाकावर दोघं बसतात म्हणून अ आणि ब असे दोन संच काढले. २० प्रश्न दोन्हींत तेच, बाकीचे ३० वेगळे. आता ब संच मिळालेल्यांचे पालक म्हणतायत, आमच्या पोरांना अवघड पेपर आला. मलाही तसंच वाटतं, पण नुसतं वाटून काय उपयोग?

आणि केंद्रप्रमुखांना हवी आहे सगळ्या मुलांची मिळून एकच यादी, पहिल्या क्रमांकापासून शेवटपर्यंत.

लॉकडाउनमध्ये आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकले होते, म्हणून राश मॉडेल लावायचं ठरवलं. मुलाची क्षमता वजा प्रश्नाचं काठिण्य, त्यावरून बरोबर उत्तराची संभाव्यता, इतपत मला समजतं. आधी नेहमीच्या, म्हणजे मॅक्सिमम लाइकलिहूडच्या पद्धतीनं (मिळालेली उत्तरं सगळ्यात संभाव्य ठरतील असे आकडे शोधायचे) केलं. एका मुलीला ५० पैकी ५० आहेत, तिची क्षमता अनंत आली. एक प्रश्न झाडून सगळ्यांचा बरोबर आहे, त्याचं काठिण्य उणे अनंत. मग बीआरएमएस हे आरचं पॅकेज वापरून बेझियन पद्धतीनं केलं, म्हणजे आधीचा अंदाज (प्रायर) आणि मुलांची उत्तरं जोडून नंतरचा अंदाज (पोस्टेरियर) काढला. क्षमतेला सरासरी शून्याचा नॉर्मल प्रायर दिला, तेव्हा सगळे आकडे माणसात आले. हे पाहून हाव सुटली आणि अंदाजपंचे उत्तराचाही पॅरामीटर घातला. त्यावर पडद्यावर डायव्हर्जंट ट्रान्झिशनच्या, म्हणजे हिशोब भरकटत असल्याच्या, इशाऱ्यांची रांग लागली.

पण खरी अडचण वेगळीच आहे. मुख्याध्यापकांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "मॅडम, या पोरीनं एकही चूक केलेली नाही, मग तुमचं यंत्र तिला खाली का ओढतंय? तिनं लिहिलं तेवढंच मोजा की." मला उत्तर देता आलं नाही.

वर आणखी एक. मॉडेलमध्ये शाळा हा थर घातल्यावर एकाच संचात सारखेच गुण असलेल्या दोन मुलांची क्षमता वेगवेगळी यायला लागली. हे बरोबर आहे का?

जाता जाता: चाचणीनंतर मुलांकडून गणिताच्या धास्तीबद्दल १२ वाक्यांची प्रश्नावलीही भरून घेतली आहे. उत्तरं 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशी चार. तिथं १ ते ४ आकडे देऊन बेरीज करू का?

निवृत्त_नमुना

मॅडम, मुख्याध्यापकांचा प्रश्न फार चांगला आहे. मी चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचितच आला. त्यांना थातुरमातुर उत्तर देऊ नका.

आधी कागद-पेन्सिलीनं एक हिशोब करू. दहा प्रश्न घ्या, सगळ्यांचं काठिण्य शून्य. एका मुलाचे सात बरोबर. प्रायर न लावता त्याची क्षमता ०.८५ येते. सरासरी ०, प्रमाण विचलन १ असा नॉर्मल प्रायर लावला की पोस्टेरियरचं शिखर ०.५८ वर. प्रमाण विचलन २ केलं की ०.७६. म्हणजे प्रायर ओढतो, पण थोडाच. आता दहापैकी दहा घ्या. प्रायर नसेल तर अनंत. विचलन १ असेल तर १.६३, विचलन २ असेल तर २.६५. पाहिलंत? मधल्या मुलाच्या बाबतीत प्रायर बदलून फारसं बिघडत नाही, टोकाच्या मुलाच्या बाबतीत मात्र आकडा जवळजवळ प्रायरच ठरवतो. कारण उघड आहे. दहाच्या दहा बरोबर आले यावरून मुलगी या प्रश्नांपेक्षा वरची आहे एवढंच कळतं, किती वर ते हा पेपर सांगूच शकत नाही. हेच प्रश्न ५० असते आणि सगळे बरोबर आले असते, तर विचलन १ च्याच प्रायरनं २.८२ आलं असतं. पुरावा वाढला, आकडा वर गेला.

तेव्हा सरांना सांगा: पोरीनं काही चूक केली नाही, तुमचा पेपर तिला अपुरा पडला. आणि एकच आकडा दाखवू नका, पट्टा दाखवा. तिच्या पोस्टेरियरचा पट्टा वरच्या बाजूला लांब पसरलेला दिसेल. ती पसरट बाजूच खरं उत्तर आहे.

आता यादीबद्दल. राश मॉडेलमध्ये मुलाच्या क्षमतेबद्दल जी काही माहिती आहे ती सगळी त्याच्या एकूण गुणांत आलेली असते, कोणते प्रश्न बरोबर आले यानं फरक पडत नाही. गेऑर्ग राश या डॅनिश गणितज्ञाच्या मॉडेलचं हेच मोठं वैशिष्ट्य. १९६० साली त्याचं पुस्तक आलं तेव्हापासून त्यावर वाद चालू आहेत, पण हा गुणधर्म निर्विवाद आहे. म्हणजे नुसत्या अ संचातल्या मुलांची यादी करायची असेल, तर स्टॅन (बीआरएमएसच्या मागे हिशोब करणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवून मिळणारा क्रम आणि गुणपत्रिकेवरचा क्रम एकच. संगणक तापवायची गरज नाही.

मॉडेलचा खरा उपयोग अ आणि ब एका पट्टीवर आणायला. तुमचे २० सामाईक प्रश्न म्हणजे दोन पट्ट्यांना जोडणारा सांधा. दोन्ही संचांची उत्तरं एकाच मॉडेलमध्ये एकत्र घाला, एक मूल आणि एक प्रश्न यांची एक ओळ अशा लांब तक्त्यात. जे प्रश्न मुलाला दिलेच नव्हते, त्यांची ओळच नको. तिथं शून्य भरलंत तर मॉडेल समजेल की ब संचातल्या पोरांना अ चे ३० प्रश्न चुकले. हसू नका, पदवीधर लोक हे करतात.

शाळेचा थर मात्र यादीतून ताबडतोब काढा. त्यावर सविस्तर लिहितो, पण आधी जेवून येतो.

लांबचा_कोल्हापूरकर

नमुना सर जेवून येईपर्यंत डायव्हर्जंट ट्रान्झिशनचं बघू. मी पोटापाण्यासाठी स्टॅनच वापरतो, पण परीक्षांसाठी नाही, औषधांच्या चाचण्यांसाठी.

मॅडम, चारशे मुलं आणि तीन-पॅरामीटर मॉडेल ही जोडी जमत नाही. अंदाजे उत्तर बरोबर येण्याची किमान शक्यता कळायची तर त्या प्रश्नाच्या मानानं खूपच कच्ची मुलं भरपूर लागतात. सोप्या प्रश्नाला अशी मुलं तुमच्याकडे नाहीतच. मग काठिण्य, भेदकता (प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना किती वेगळं करतो) आणि अंदाज हे तिघं एकमेकांची जागा घेत राहतात, पोस्टेरियरमध्ये अरुंद वाकडी बोळकांडी तयार होते आणि सॅम्पलर (पोस्टेरियरमधून आकडे उचलणारा भाग) तिथं अडकतो. अ‍ॅडॅप्ट डेल्टा ही सॅम्पलरची सेटिंग ०.९९ करून इशारे कमी होतील, पण तो आजारावर इलाज नव्हे.

अंदाज हवाच असेल तर चार पर्याय आहेत म्हणून बीटा (५, १५) असा घट्ट प्रायर द्या, त्याची सरासरी ०.२५. नंतर प्रत्येक प्रश्नाचा प्रायर आणि पोस्टेरियर एकावर एक काढून बघा. दोन्ही वक्र एकमेकांना झाकत असतील तर विदेनं (डेटानं) काहीच सांगितलेलं नाही, तुम्हीच सांगितलेलं तुम्हाला परत मिळालंय. मी असतो तर राशवरच थांबलो असतो, फार तर प्रश्नागणिक भेदकता वेगळी ठेवणारं दोन-पॅरामीटर मॉडेल.

एक सवय लावून घ्या. स्वतःच्या विदेवर जाण्याआधी तोच कोड माहितीतल्या विदेवर चालवा. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेचा, एलसॅटचा, एक जुना संच जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये असतो. पाच प्रश्न, १००० उमेदवार, बरोबर उत्तरं अनुक्रमे ९२४, ७०९, ५५३, ७६३ आणि ८७०. सर्वांना एकच भेदकता धरली तर ती ०.७६ च्या जवळ येते, आणि सगळ्यात अवघड तिसऱ्या प्रश्नाचं काठिण्यही उणे ०.३ च्या आसपास, म्हणजे सरासरी उमेदवारालाही तो सोपाच. पाचही बरोबर असलेले २९८ जण आहेत, सगळेच चुकलेले फक्त ३. तुमच्या ५० पैकी ५० वाल्या मुलीसारखे इथं २९८! त्यांच्यात वरखाली कोण हे कुठलंही मॉडेल सांगणार नाही.

आर-हॅट (सॅम्पलरच्या वेगवेगळ्या फेऱ्या एकमेकींशी जुळल्या का हे सांगणारा आकडा) १.०१ च्या खाली आहे ना तेही बघा. जुन्या पुस्तकांत १.१ चालतं म्हणून लिहिलंय, आता तेवढ्यावर भागत नाही.

निवृत्त_नमुना

जेवण झालं. शाळेचा थर.

तेच दहा प्रश्न, तोच सात बरोबर असलेला मुलगा. समजा तो अशा शाळेतला आहे जिथली सरासरी क्षमता ०.५ आणि शाळेच्या आतलं विचलन ०.८. त्याचा अंदाज ०.७०. तीच सात उत्तरं बरोबर लिहिलेली मुलगी समजा उणे ०.५ सरासरीच्या शाळेतली. तिचा अंदाज ०.३०. उत्तरपत्रिका हुबेहूब एक, फरक फक्त शाळेच्या नावाचा.

गणित म्हणून यात चूक नाही. 'या शाळेतल्या, सात बरोबर लिहिणाऱ्या मुलांची खरी क्षमता सरासरीनं किती असेल?' या प्रश्नाचं ते योग्य उत्तर आहे. शंभर मुलांवर पैज लावायची तर मी याच आकड्यांवर लावीन. पण गुणवत्ता यादीत समोर एक मूल असतं, आणि त्यानं वाडीवस्तीवरच्या शाळेत नाव घातलं म्हणून त्याचा क्रमांक खाली जाणं हा अन्याय आहे. तो मी सही करून देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तुमच्या मुख्याध्यापकांचं वाक्य इथं शंभर टक्के लागू आहे: तिनं लिहिलं तेवढंच मोजा. सगळ्या मुलांना एकच सामाईक प्रायर असेल तर संचातला क्रम हलत नाही, टोकं फक्त आत येतात. शाळेगणिक प्रायर बदलला की क्रमच हलतो. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पिसा ही आंतरराष्ट्रीय परीक्षा नेमकं हेच जपते. विद्यार्थ्याची पार्श्वभूमी मॉडेलमध्ये घालून त्याच्यासाठी 'प्लॉझिबल व्हॅल्यूज' म्हणजे पोस्टेरियरमधून उचललेले काही आकडे काढतात. ते देशाची, गटाची सरासरी आणि विखुरणं काढायला. एखाद्या मुलाचे गुण म्हणून ते द्यायचे नसतात.

शाळांबद्दल बोलायचं असेल तेव्हा मात्र हाच थर परत घाला, आणि आनंदानं घाला. तुमच्याकडे पाचवीत सहा मुलं असलेल्या शाळा असणारच. सहा मुलांची सरासरी कशीही उड्या मारते. दोन हुशार भावंडं एका वर्गात आली की शाळा तालुक्यात पहिली, पुढच्या वर्षी तीच तळाशी, आणि मास्तरला नोटीस. अमेरिकेत छोट्या शाळा चांगल्या म्हणून मोठ्या शाळा फोडायचं खूळ निघालं होतं, गेट्स फाउंडेशनचा पैसाही त्यात गेला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञानं पेनसिल्व्हेनियातल्या पाचवीच्याच गुणांवरून दाखवलं की छोट्या शाळा यादीच्या अगदी वर जशा जास्त दिसतात तशा अगदी तळाशीही जास्त दिसतात. पटसंख्या कमी म्हणून विखुरणं जास्त, बाकी काही नाही. शाळेचा थर अशा सहा मुलांच्या शाळेला सरासरीकडे ओढतो आणि तिचा पट्टा रुंद ठेवतो. मास्तरची नोटीस वाचते.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम, त्याला बेझ लागत नाही. प्रत्येक प्रश्नासाठी, उरलेल्या पेपरात वरच्या तिसऱ्या भागात असलेल्या मुलांपैकी किती जणांचा तो बरोबर आणि खालच्या तिसऱ्या भागातल्या किती जणांचा, हा साधा तक्ता करा. पर्यायांसकट. केलाय का?

माणदेशी_फळा

नव्हता केला. आज केला.

ब संचातला 'आकृतीत एकूण किती त्रिकोण आहेत' हा प्रश्न. हुशार मुलांपैकी बहुतेकांनी तिसरा पर्याय लिहिलाय, कच्ची मुलं चारही पर्यायांत विखुरलेली, आणि उत्तरसूचीत पर्याय दुसरा. मी आकृती घेऊन बसले, एकेका त्रिकोणाला नाव दिलं. तिसराच बरोबर आहे. उत्तरसूचीत त्रिकोण एक कमी मोजलाय.

पण मला कळेना, दोन-पॅरामीटर मॉडेल लावून पाहिलं होतं तेव्हा हे का नाही दिसलं? त्या प्रश्नाची भेदकता ०.१ च्या आसपास आली होती. मी म्हटलं, असेल प्रश्न फालतू.

लांबचा_कोल्हापूरकर

भेदकतेला लॉगनॉर्मल प्रायर दिला होता ना? तो उणे आकड्यांना दारातच उभं करत नाही. चिन्ह उलटसुलट होऊ नये म्हणून सगळेच तो वापरतात, मीही वापरतो. पण ज्या प्रश्नाची खरी भेदकता उणे आहे, म्हणजे जितका हुशार तितका जास्त चुकतो, तो बिचारा शून्याच्या भिंतीला टेकून बसतो. म्हणून असा भिंतीला चिकटलेला प्रश्न दिसला की आधी उत्तरसूची बघायची.

नुसत्या राशमध्ये तर तेवढंही दिसलं नसतं, तिथं भेदकता सगळ्यांची एकच धरलेली असते. तिथं प्रत्येक प्रश्नासाठी मॉडेलकडून खोटी उत्तरं निर्माण करून घ्यायची, वरच्या आणि खालच्या गटाची टक्केवारी काढायची आणि खऱ्याशी ताडायची. पोस्टेरियर प्रेडिक्टिव्ह चेक म्हणतात तो हाच. नमुना सरांचा तक्ता आणि हा चेक एकमेकांचे चुलत भाऊ.

अजून एक बघा: एकाच उताऱ्यावर किंवा एकाच तक्त्यावर तीन-चार प्रश्न होते का? असले तर ते एकमेकांना बांधलेले असतात, तक्ता वाचतानाच चूक झाली की चारही गेले. मॉडेल त्यांना चार स्वतंत्र पुरावे समजतं आणि पट्टा खोटाच अरुंद करतं. ब्रॅडलो, वेनर आणि वांग यांनी १९९९ मध्ये यासाठी प्रत्येक मूल आणि प्रश्नगट यांच्या जोडीला एक जादाचा रँडम इफेक्ट (त्या जोडीपुरता वरखाली होणारा आकडा) देणारं बेझियन मॉडेल मांडलं. बीआरएमएसमध्ये तो एका ओळीत घालता येतो.

मनमोजणी

प्रश्नावलीकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून मी बोलते. मी समुपदेशक आहे, शाळांमध्येच काम करते.

१ ते ४ ची बेरीज केली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण 'कधीच नाही' ते 'कधीकधी' हे अंतर आणि 'बऱ्याचदा' ते 'नेहमी' हे अंतर सारखं आहे असं तुम्ही गृहीत धरता. मुलांसाठी ते नसतंच. साठी समेजिमाचं १९६९ चं ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेल वापरा. त्यात लपलेली धास्ती एका सलग पट्टीवर असते आणि उत्तर बदलण्याचे तीन उंबरठे विदेतून निघतात. बीआरएमएसला उत्तरं क्रमवार आहेत एवढं सांगायचं, बाकी मांडणी तुमच्या राशसारखीच.

सरावाला बेल्जियममधला एक प्रसिद्ध संच आहे, शाब्दिक आक्रमकतेचा. ३१६ जण, २४ वाक्यं, उत्तरं 'नाही', 'कदाचित', 'हो'. बीआरएमएसच्या कर्त्यानं, पॉल ब्युर्कनरनं, स्वतः याच विदेवर ही मॉडेलं समजावली आहेत. प्रसंग चार: थांब्यावर बस थांबली नाही, कारकुनानं चुकीची माहिती दिली म्हणून गाडी चुकली, आत शिरणार तेवढ्यात दुकान बंद झालं, शेवटचे सुटे पैसे संपता संपता ऑपरेटरनं फोन तोडला. प्रत्येक प्रसंगी शिवी द्यावीशी वाटेल का, आणि प्रत्यक्षात द्याल का, असं वेगवेगळं विचारलंय. तसंच खडसावण्याचं आणि ओरडण्याचं. त्यामुळे नुसतं वाक्यांचं काठिण्य न काढता 'वाटणं' आणि 'करणं' यांत किती फरक पडतो हेही मॉडेलला विचारता येतं. तुमच्या १२ वाक्यांतही अशी रचना असेल, उदाहरणार्थ फळ्यापाशी गेल्यावरची वाक्यं वेगळी, घरी अभ्यासाची वेगळी. असली तर ती वापरा.

आणि मॅडम, वर्गातच तुमच्यासमोर भरून घेतली असेल तर धास्तीचे आकडे खाली आलेले असतील. मॅडम समोर उभ्या असताना 'मला गणिताच्या तासाला रडू येतं' यावर 'नेहमी' कोण लिहिणार? ते कुठलाच प्रायर भरून देणार नाही.

माणदेशी_फळा

समोरच भरून घेतली. नावं मात्र नव्हती लिहायची.

बाकीचं असं ठरवलंय. उत्तरसूची दुरुस्त करून राश पुन्हा चालवलं, अ आणि ब एकत्र, शाळेविना. ब संच अवघडच निघाला, त्रिकोणाचा प्रश्न दुरुस्त केल्यावरही. केंद्रप्रमुखांना पहिला ते शेवटचा अशी यादी देणार नाही. पट्टे एकमेकांत इतके मिसळलेत की मधल्या दोनशे मुलांत क्रमांक लावणं म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. तीन गट करून देते, सीमेवरच्या मुलांना वरच्या गटात धरून.

एकच राहिलं: शेवटचे सात-आठ प्रश्न बऱ्याच मुलांनी कोरे सोडलेत. चूक धरू की दिलेच नाहीत असं धरू?

निवृत्त_नमुना

मध्येच कोरा सोडलेला आणि पुढचे सोडवलेले असतील तर चूक धरा. एका जागेपासून शेवटपर्यंत सगळे कोरे असतील तर वेळ संपला. काठिण्य काढताना ते दिलेच नाहीत असं धरा, नाहीतर शेवटचे प्रश्न उगाच अवघड ठरतील. मुलांचे गट पाडताना मात्र दोन्ही प्रकारे करून बघा आणि ज्यांचा गट बदलतो त्यांची नावं वेगळी काढा. त्यांना गणित येत नाही की हात सावकाश चालतो, हे तुम्ही त्यांच्याजवळ बसून अर्ध्या तासात ओळखाल. स्टॅनला विचारू नका.